बिंबिसार आणि अजातशत्रू

बुद्धकाळातील सोळा महाजनपदांपैकी मगध पुढे सर्वांत बलाढ्य झाले, ते मुख्यतः दोन राजांमुळे. एक बिंबिसार व दुसरा त्याचा पुत्र अजातशत्रू.

बिंबिसाराने पूर्वेचा अंग देश जिंकून चंपानगरी मगधास जोडली. इतरत्र त्याने सोयरिकीवर व स्नेहावर भर दिला. कोसलच्या राजकन्येशी विवाह करताना तिच्या स्नानखर्चासाठी एक लाख उत्पन्नाचे काशीतील गाव त्यास मिळाले. अवंतीचा राजा आजारी पडताच त्याने आपला वैद्य जीवक तिकडे पाठविला. भिक्खूसंघास वेळुवन दान देणारा तो हाच राजा.

अशा पित्याला अजातशत्रूने राज्यासाठी बंदीत टाकले. पाली परंपरेप्रमाणे त्याचा तेथेच अंत झाला. जैन ग्रंथांत पितापुत्रांची नावे श्रेणिक व कूणिक अशी येतात. मृत्यूची हकीकत निराळी आहे, पण बंदिवास तेथेही आहे.

पुढे अजातशत्रूची नजर वैशालीच्या वज्जी गणराज्याकडे वळली. त्याने आपला अमात्य वस्सकार यास गृध्रकूटावर तथागतांकडे पाठविले. तथागतांनी त्यास थेट उत्तर दिले नाही. त्याच्यासमक्ष त्यांनी आनंदास विचारले: वज्जी वारंवार सभा भरवितात काय? एकदिलाने जमतात व एकदिलाने उठतात काय? वृद्धांचा मान राखतात काय? स्त्रियांवर बळजबरी करीत नाहीत ना? अशा सात गोष्टी जोवर पाळल्या जातील, तोवर वज्जींची वृद्धीच होईल, असे ते म्हणाले. तथागतांनी वज्जींचे मर्म शत्रूस सांगितले असा आक्षेप कोणी घेतात. आमच्या मते तो टिकत नाही. गणराज्य कशाने टिकते हे त्यांनी सांगितले. ते कसे फोडावे हा अर्थ वस्सकाराने काढला. अट्ठकथेनुसार तो वैशालीत राहिला व तीन वर्षे एकेकाच्या कानाला लागून संशय पेरीत गेला. मगधाची सेना आली तेव्हा नगारा वाजला, पण सभेस कोणी जमले नाही. विद्यार्थ्यांनी महापरिनिब्बान सुत्ताचा हा आरंभ मुळातून अवश्य वाचावा.

अजातशत्रूस मात्र चैन नव्हते. सामञ्ञफल सुत्तात तो पौर्णिमेच्या रात्री जीवकासह तथागतांकडे जातो व पितृहत्येची कबुली देतो. तो परतल्यावर तथागत भिक्खूंना म्हणाले की, पित्याचा वध केला नसता तर याच आसनावर त्यास धम्मचक्षू लाभला असता. भारहुतच्या स्तूपावर त्याचे हे वंदन नावासह कोरलेले आहे.

त्या रात्री निःशब्द बसलेला संघ पाहून, आपल्या उदायीभद्र या मुलासही अशीच शांती लाभावी, असे तो बोलून गेला. महावंसाप्रमाणे याच उदायीभद्राने पुढे अजातशत्रूस ठार करून मगधाचे राज्य घेतले.