डाव तळापासून फिरवा

जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये मुख्याध्यापकी केली आणि तिचा मोठा भाग पोषण आहाराचा हिशेब ठेवण्यात गेला. १९९५ साली योजना आली तेव्हा महिन्याला मुलामागे तीन किलो तांदूळ वाटायचा असे. तो घरी कुणाच्या ताटात पडे, ते विचारू नये. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेलंच अन्न द्या असं बजावलं आणि यथावकाश शाळेत चूल पेटली. नव्याने रुजू होणारे गुरुजी-बाई आणि शाळा व्यवस्थापन समितीतले पालक यांच्यासाठी हे चार शब्द.

१. माल काट्यावर घ्या. टेम्पोवाल्याला कायम पुढच्या शाळेची घाई असते. "सर, सही करा, मोजा निवांत." निवांत मोजलेलं नंतर कुणी मानत नाही. पावतीवर प्रत्यक्ष वजन लिहा, मग सही करा. डाळीच्या कट्ट्यात मध्यापर्यंत हात घालून पाहा, कीड वरच्या थरात दिसत नाही. खराब माल परत पाठवता येतो. त्यापायी येणारे फोन तेवढे झेलायची तयारी हवी.

२. प्रमाण पाठ असू द्या. पहिली ते पाचवीच्या मुलामागे तांदूळ १०० ग्रॅम, डाळ २०, भाजी ५०, तेल ५. म्हणजे पन्नास मुलांना एक किलो डाळ आणि अडीच किलो भाजी. हा हिशेब स्वयंपाकघराच्या भिंतीवर ठळक लिहून ठेवा. पालकांनी शाळेत आल्यावर एवढंच विचारावं, की आज भाजी किती किलो चिरली? उत्तर द्यायला वेळ लागला, तर काय ते समजा. या जेवणातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा नियम आहे. आता या १२ ग्रॅमचा हिशेब मांडून बघा: निम्म्याहून जास्त प्रथिनं तांदळाच्याच नावावर जमा होतात. तांदळाच्या प्रथिनातली उणीव डाळीने भरून निघते, म्हणून डाळ अर्धी झाली की मुलाचं पोट भरतं, अंग मात्र भरत नाही.

३. वाढताना डाव तळापासून फिरवा. डाळ खाली बसते. पंगतीत पुढे बसतात पहिलीची पोरं. त्यांच्या ताटात वरचं पिवळं पाणी जातं आणि घट्ट वरण सातवीच्या वाट्याला. वाढणाऱ्या ताईंना हे सांगावं लागतं आणि सांगायला वाढणीच्या वेळी तिथे उभं राहावं लागतं. त्या वेळी आमचे बरेचसे मुख्याध्यापक मोबाइलवर आजची लाभार्थी संख्या भरत असतात.

४. चव आधी घ्या, वही नंतर लिहा. बिहारमधल्या गंडामन गावात २०१३ साली शाळेतलं जेवण जेवून २३ मुलं दगावली. अन्नात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक सापडलं. मुलांच्या आधी मोठ्यांनी चव घ्यायची ती यासाठी. आणि तरीही अख्ख्या आठवड्याचा 'चव उत्तम' हा शेरा सोमवारीच लिहून ठेवलेली वही मी एका शाळेत पाहिली आहे.

५. 'प्लास्टिकचा तांदूळ' हा आरोप दर वर्षी येतो. पाण्यात वेगळे दिसणारे, कधी तरंगणारे ते दाणे म्हणजे लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ घातलेला पोषक तांदूळ. शंभर किलोंत तो साधारण एक किलो मिसळतात. हे पालकसभेत दाणे हातावर ठेवून दाखवा. नाहीतर तांदूळ निवडताना नेमके तेच फेकले जातात.

६. स्वयंपाकीण ताईंना स्वच्छतेची भाषणं देण्याआधी नळ, साबण आणि नीट झाकणाची पातेली द्या. केंद्राच्या निकषात त्यांचं मानधन २००९ पासून महिना १००० रुपयांवर अडकलं आहे. महाराष्ट्राने भर घालून ते अडीच हजारांवर नेलं, तरी दिवसाला शेतमजुरीइतकंही पडत नाही. त्यात दहा महिन्यांचंच, आणि तेही थकलेलं. पाणी भरणं, शिजवणं, वाढणं, भांडी घासणं, सगळं त्यांच्याकडेच. मानधन वेळेवर निघावं म्हणून मुख्याध्यापकाने पंचायत समितीत घातलेली खेप आहाराच्या दर्जासाठीच असते.

७. अंडं. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्याने आठवड्याला एक अंडं सुरू केलं, न खाणाऱ्यांना केळं. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिनं, म्हणजे दिवसाच्या निकषाच्या निम्मी. त्यात पाणी घालता येत नाही, की अर्धं करून दोघांत खपवता येत नाही. तपासायला वही नको, मोजलं की झालं. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने त्यासाठीचा निधी थांबवला आणि लोकसहभागातून द्या असं सांगितलं. लोकसहभाग बागायती गावात मिळतो. ऊसतोडीला निम्मं गाव जातं तिथे तो कुणाकडे मागायचा? हा निर्णय चुकीचा आहे. येत्या ग्रामसभेत अंड्याचा खर्च सरकारनेच उचलावा असा ठराव घ्या आणि त्याची प्रत आपल्या आमदारांच्या हातात नेऊन द्या.