नकाशावरचा ठिपका

माझी मुलगी अकरावीत गेली तेव्हा तिच्या फोनचं लोकेशन मी माझ्या फोनवर सुरू करून घेतलं. चार वाजले की नकाशावरचा ठिपका क्लासपाशी दिसायचा आणि माझा जीव भांड्यात पडायचा. असे तीन आठवडे गेले. एका संध्याकाळी डबा घासायला काढला, तर पोळ्या तशाच, कडक झालेल्या, भाजीला वास सुटलेला. खोदून विचारलं तेव्हा कळलं, मैत्रिणींनी ग्रुपमधून काढलं होतं आणि पोर रोज क्लासखालच्या जिन्यात बसून राहत होती. ठिपका खोटं बोलला नव्हता. पण ठिपक्याचा चेहरा उतरत नाही, त्याची भूक मरत नाही.

"आई, तू मला फोनमध्ये बघतेस, पण घरी आल्यावर बघत नाहीस," ती म्हणाली. ते अजून टोचतं.

सोशल मीडियावर तिचं एक खातं होतं, आम्ही सगळे नातेवाईक असलेलं, गणपतीच्या हसऱ्या फोटोंचं. दुसरं टोपणनावाचं, त्यात ना आडनाव, ना चेहरा. मनातलं ती तिथे लिहायची. ते उघडून वाचायचा मोह मला झाला होता. नाही वाचलं. गादीखालची आपली वही कुणी वाचली असती, तर पुढे आपण काही लिहिलं असतं का?

लहान मुलांच्या हातात फोन देताना लक्ष हवंच, त्याबद्दल दुमत नाही. पण आपण हौसेने पाळतीचं ॲप टाकतो, तेव्हा मुलांची ये-जा आपल्याबरोबर त्या कंपनीकडेही जाते. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवायला कंपन्यांना मनाईची तरतूद आहे, सरकार सूट देईल तेवढं सोडून. घरात तो कायदा येत नाही. तिथे आपल्यालाच थांबावं लागतं. आणि दहावीचं गुणपत्रक कौतुकाने स्टेटसला ठेवण्याआधी जरा बघा: निकाल उघडायला बैठक क्रमांक आणि आईचं नाव एवढंच लागतं, आणि ते दोन्ही त्यावर छापलेलं असतं.

आता लोकेशन ती स्वतः सुरू करते, रात्री उशीर झाला तर. एरवी बंद. आल्यावर मी आधी तिच्याकडे बघते, मग डबा उघडते.