प्रौढ वयातील स्वरसाधना : चिकित्सकाची भूमिका

नोकरीतून निवृत्त झाल्यावर किंवा संसाराची धावपळ ओसरल्यावर अनेक जण हौसेने गाणे शिकू लागतात. काही आठवड्यांतच घसा बसतो, वरचे स्वर लागेनासे होतात आणि ही मंडळी वैद्याकडे अथवा थेट औषधी दुकानात येऊन ‘घसा मोकळा करणारे काहीतरी’ मागतात. अशा वेळी केवळ एक वटी हाती देणे पुरेसे नाही. आवाज घडविणे, आवाज राखणे आणि आवाजाचा विकार ओळखणे या तीन भिन्न गोष्टी आहेत. त्यांचा क्रमाने विचार या लेखात केला आहे.

शास्त्रीय बैठक

वाक्प्रवृत्ती हे उदान वायूचे कर्म होय. वाग्भटांनी त्याचे स्थान उर सांगून नासा, नाभी व गळा येथे त्याचा संचार सांगितला आहे. गायनगुरू ‘आवाज नाभीतून काढा’ असे सांगतात, त्याचे मर्म येथे ध्यानात येते. स्वराला आधार श्वासाचा असावा, गळ्याच्या ओढाताणीचा नसावा.

स्वरयंत्रातील दोन स्वरतंतू उच्छ्वासाच्या प्रवाहाने कंप पावतात. बोलताना पुरुषांत ही कंपने सेकंदाला सुमारे १०० ते १३०, तर स्त्रियांत सुमारे २०० असतात. तार सप्तकात ती कित्येक पटींनी वाढतात. तंतूंवरील श्लेष्मल आवरण स्निग्ध व ओलसर असेल तरच हे घर्षण सुसह्य होते. वयपरत्वे हे आवरण विरळ होते, कूर्चा कठीण होतात आणि रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांचा आवाज किंचित खाली उतरतो. वार्धक्यातील वातवृद्धी व रूक्षता यांच्याशी हे चित्र जुळते. मात्र श्वासनियंत्रण, स्वरज्ञान आणि शब्दोच्चार हे अभ्यासाने साध्य होणारे गुण आहेत. त्यांना वयाची आडकाठी नाही.

साधनेचा क्रम

पहिली चूक बहुधा पट्टी निवडण्यात होते. काळी एक ही पुरुषांची आणि काळी चार किंवा पाच ही स्त्रियांची रूढ पट्टी मानली जाते. परंतु मंद्र पंचमापासून तार गंधारापर्यंत जी सहज पेलते तीच त्या व्यक्तीची पट्टी होय. आवडत्या गायकाच्या पट्टीत गाण्याचा हट्ट हा अभिघातच समजावा.

आरंभी दिवसातून दोनदा दहा-दहा मिनिटे पुरे. प्रथम ओठ मिटून म-काराचा गुंजारव करावा. भ्रामरीचाही येथे उपयोग होतो. पाण्याच्या पेल्यात नळी बुडवून हळुवार स्वर काढणे ही आधुनिक स्वरोपचारातील क्रियाही याच तत्त्वावर आधारलेली आहे. मुखमार्ग अंशतः बंद राहिल्याने तंतूंवरील आघात सौम्य होतो. त्यानंतर मध्य षड्जावर आकार, मग सावकाश खर्ज आणि शेवटी अलंकार असा क्रम ठेवावा. खर्ज दाबून काढू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी आवाज जड वाटला, तर आदला रियाज जास्त झाला असे समजून तो कमी करावा. कुजबुजत बोलणे म्हणजे विश्रांती नव्हे, आणि वारंवार खाकरल्याने तंतूंवर आघात होतो, हेही रुग्णास सांगावे.

आहार व औषधी

चरकांनी कण्ठ्य महाकषायात सारिवा, इक्षुमूल, मधुक, पिप्पली, द्राक्षा, विदारी, कैटर्य, हंसपदी, बृहती व कण्टकारिका ही दहा द्रव्ये दिली आहेत. त्यांत मधुर-स्निग्ध तशीच कटू-उष्ण द्रव्येही आहेत, म्हणून दोष पाहूनच योजना करावी. कोरड्या, चिरक्या आवाजात यष्टीमधु व घृत हितकर. कफाने जड झालेल्या आवाजात पिप्पली व कण्टकारी यांची निवड करावी. तिळतेलाचा गण्डूष आणि अणुतेलाचे प्रतिमर्श नस्य यांनी स्वरबल वाढते असे चरकांनीच दिनचर्येत सांगितले आहे. रात्रीचे जेवण निजण्यापूर्वी दोन-तीन तास उरकावे. अम्लपित्तात आम्ल घशापर्यंत चढून सकाळचा आवाज बिघडवते.

औषधविक्रेत्यांनी पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात. यष्टीमधु अधिक मात्रेत दीर्घकाळ घेतल्यास रक्तदाब वाढतो व पोटॅशियम घटते. म्हणून रक्तदाबाच्या किंवा मूत्रल औषधे घेणाऱ्या रुग्णास ते विचारपूर्वक द्यावे. साखरेच्या पाकातील गोळ्या मधुमेहींना देऊ नयेत. मेन्थॉलयुक्त गोळीने वेदना झाकली जाते आणि गायक दुखऱ्या गळ्यावर अधिक ताण देतो. सर्दीच्या काही गोळ्यांनी घसा कोरडा पडतो. दम्याच्या स्टेरॉईड फवाऱ्यानेही आवाज बसतो. तो घेतल्यावर चूळ भरण्यास सांगावे.

कोणास पुढे पाठवावे

सुश्रुतांनी उत्तरतंत्रात स्वरभेदाचे वातज, पित्तज, कफज, सन्निपातज, क्षयज व मेदोज असे सहा प्रकार वर्णिले आहेत. सगळेच स्वरभेद रियाजाचे नसतात हे यावरून उघड होते. वजनवाढ, सूज व थंडी सहन न होणे यांसह आवाज जाड झाला असेल तर थायरॉईडची तपासणी करावी.

दवाखान्यात एक सोपी चाचणी करता येते. दीर्घ श्वास घेऊन रुग्णास ‘आ’ जितका वेळ धरता येईल तितका धरावयास सांगावे. निरोगी प्रौढ साधारणतः १५ सेकंद वा अधिक काळ स्वर धरतो. हा काळ १० सेकंदांहून कमी असेल तर बारकाईने पाहावे. चाचणी समाधानकारक आली म्हणून विकार नाही, असे मात्र म्हणता येत नाही.

म्हणून एक नियम कटाक्षाने पाळावा. तीन ते चार आठवड्यांत न सुधारलेला स्वरभेद कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे स्वरयंत्रदर्शनासाठी पाठवावा. तंबाखू, विडी वा मद्य यांचे व्यसन, मानेत गाठ, गिळताना त्रास, कानात उमटणारी वेदना, थुंकीत रक्त किंवा श्वास घेताना आवाज, यांपैकी काही असेल तर थांबूच नये. स्वरतंतूंच्या कर्करोगात आवाज बसणे हे बहुधा पहिलेच लक्षण असते आणि त्या अवस्थेत उपचारांना उत्तम यश येते. तेच महिने कण्ठ्य वट्यांत गेले, तर हानी भरून निघत नाही.

प्रौढ साधकास वैद्याने उत्तेजन अवश्य द्यावे. पट्टी, श्वास, आहार व विश्रांती यांची घडी बसल्यावर बहुतेकांना औषधाची गरज क्वचितच भासते. ज्याला ती वारंवार भासते, त्याचा गळा एकदा तज्ज्ञाकडून पाहून घेतला पाहिजे.