जुन्या ट्रॅक्टरचे ब्रेक : दुरुस्ती व दक्षता

रावेर-यावलची केळी असो वा शिरपूर-शिंदखेड्याचा कापूस, खानदेशात ट्रॅक्टर शेताइतकाच रस्त्यावरही धावतो. त्याच्या मागील दोन्ही चाकांना स्वतंत्र ब्रेक असतात. एक कमी लागला, तर भरल्या ट्रॉलीसह ट्रॅक्टर एका बाजूस ओढला जाऊन उलटण्याचा धोका संभवतो. म्हणून रस्त्यावर दोन्ही पेडल एकत्र जोडलेली असावीत.

ड्रम ब्रेकच्या दुरुस्तीसाठी चाक काढताना जमीन सपाट व टणक असावी. इतर चाकांना अडण लावावी. चाक टेकलेले असतानाच नट सैल करावेत. मग जॅकने उचलून आसाखाली भक्कम लाकडी ठोकळे द्यावेत. केवळ जॅकवर विसंबू नये. ड्रममधील धूळ फुंकू नये. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. लायनर दोन्ही बाजूंचे एकाच वेळी बदलावेत. हंगामापूर्वीची ही तपासणी चालकाबरोबरच वाटसरूंचाही जीव वाचवील.