घंटा झाल्यावरची पाच मिनिटे



आपल्या धर्मग्रामात शिक्षक पुष्कळ आहेत. आजचे चार शब्द त्यांच्यासाठी.

"गप्प बसा, वह्या काढा" यात प्रत्येक तासाची पाच मिनिटे गेली, तर आठ तासांत ४० मिनिटे, म्हणजे एक अख्खा तास बुडतो. हुशार मूल ते घरी भरून काढते. ज्याला घरी शिकवणारे कुणी नाही, त्याचे मात्र कायमचे नुकसान होते.

शिक्षकांचे आश्रयदाते संत जॉन बॅप्टिस्ट दे ला साल (१६५१-१७१९) यांच्या शाळांत शिक्षक कमीत कमी बोलत. हातातल्या लाकडी साधनाचा 'टक्' आवाज झाला की काय करायचे ते मुलांना कळे. मी मात्र धर्मशिक्षणाच्या वर्गात ओरडून पाहिले. माझा घसा बसला, मुले बसली नाहीत!

मग काय करावे? वर्गात शिरताच फळ्याच्या ठरलेल्या कोपऱ्यात कालच्या धड्यावरचे दोन प्रश्न लिहावेत, किंवा पुठ्ठ्यावर लिहून आणावेत. प्रश्न सोपे असावेत. नाहीतर कच्चे मूल सुरुवातीलाच हात टेकते. मुले लिहीत असताना हजेरी घ्यावी. नंतर उत्तरे जरूर तपासावीत. न तपासलेले काम मुले लवकरच सोडून देतात.

सवय कृतीनेच अंगी बाणते, असे ॲरिस्टॉटल सांगतो. तेव्हा रोज तेच, त्याच वेळी, न रागावता करावे. उद्या सोमवार आहे. एका वर्गापासून सुरुवात करू या.

आपला,
प्रमुख धर्मगुरू