थोरल्याचा वांटा : इंग्लंडांतील जुन्या जमीनदार घराण्यांची वारसपद्धति

आपल्या गांवांत वांटणीचा प्रसंग येऊन चार एकरांचे चार तुकडे कागदावर पडूं लागले, म्हणजे पंचांपैकीं चार बुकें वाचलेला एखादा गृहस्थ हटकून म्हणतो, 'विलायतेंत पूर्वीं बरें होतें. जमीन थोरल्याची, बाकीच्यांनीं आपापला मार्ग पाहावा. म्हणून त्यांचीं शेतें मोठीं राहिलीं.' हें बोलणें आम्हीं महसूल खात्यांत असतांना अनेकदां ऐकिलें आहे, आणि कधीं कधीं स्वतःही बोललों आहों. तें खोटें नाहीं, पण अर्धें आहे. थोरल्याच्या वारसाचा नियम नॉर्मन राजांच्या अमदानीपासून इंग्लंडांत रूढ होत गेला व १९२५ च्या कायद्यानें रद्द होईपर्यंत टिकला, हें खरें. परंतु ज्यांच्या जमिनी त्या नियमानें अभंग राहिल्या असें आपण समजतों, त्याच लोकांनीं चौदाव्या व पंधराव्या शतकांत त्या नियमाच्या कचाट्यांतून सुटण्यासाठीं केवढा खटाटोप केला, तें आपल्या वाचकांनीं पाहण्याजोगें आहे.

हे लोक म्हणजे मोठे सरदार नव्हेत. सरदारांच्या खालचा आणि साध्या शेतकऱ्याच्या वरचा हा वर्ग; त्यांत नाइट, एस्क्वायर व जंटलमन अशा तीन पायऱ्या होत्या. १४१३ च्या कायद्यानें दाव्याच्या कागदांत प्रतिवादीचा दर्जा लिहिणें आवश्यक झालें, आणि तेव्हांपासून 'जंटलमन' हा शब्द दप्तरांत नियमानें दिसूं लागला. ह्यांची मिळकत मॅनरच्या रूपानें असे. मॅनर म्हणजे नुसतें शेत नव्हे. मालकाची घरची जमीन, कुळांची जमीन व तिचा खंड, कुरण, बहुधा एखादी गिरणी, आणि कुळांचे तंटे व फेरफार चालविणारें लहानसें न्यायासन, हें सर्व मिळून मॅनर.

आतां कायदा पाहूं. मृताचा थोरला मुलगा सर्व जमीन घेई. तो बापाआधीं वारला असून त्याचें मूल हयात असेल, तर तें मूल चुलत्यांच्या आधीं येई. मुलगा नसेल तेव्हां मात्र मुलींत सारखे वांटे होत; त्यांत थोरली-धाकटी हा भेद नव्हता. म्हणजे तुकडे तेथेंही पडत. ते मुलींच्या वाटेनें पडत. सावत्र भाऊ भावाचा वारस होऊं शकत नसे, आणि मुलाची जमीन बापाकडे उलट चढत नसे. केंट परगण्यांत तर सर्व मुलग्यांत सारखी वांटणी होत असे, आणि कांहीं गांवांत सर्वांत धाकट्याला घर देण्याची चाल होती. तेव्हां 'विलायतेंत' असें सरसकट म्हणणेंही बरोबर नाहीं.

ह्याहून मोठी अडचण अशी कीं, कांहीं शहरांतील जागा वगळल्या तर जमिनीचें मृत्युपत्र करतां येत नसे. गुरें, धान्य, भांडीं, रोकड हीं वाटेल त्यास द्यावीं. जमीन कोणाची तें कायदा ठरवी. ही स्थिति १५४० सालापर्यंत होती. मरणोन्मुख बापास धाकट्याची दया आली, मुलीच्या लग्नाचें कर्ज आठवलें, तरी एक बिघा त्याच्या शब्दानें इकडचा तिकडे होत नसे.

राजाकडून थेट जमीन धरणारा खातेदार वारला म्हणजे एस्चीटर नांवाचा अंमलदार चौकशीस येई. तो आसपासचे पंच शपथेवर बसवी आणि विचारी : मयत कोणत्या दिवशीं वारला, कोणती जमीन धरीत होता, कोणाकडून व कोणत्या चाकरीवर, तिचें वार्षिक उत्पन्न काय, जवळचा वारस कोण आणि त्याचें वय काय. वारसाची वर्दी घेऊन तलाठ्यानें केलेली फेरफाराची नोंद ज्यांनीं पाहिली आहे, त्यांस हे प्रश्न परके वाटणार नाहींत. आम्हांस तर ते वाचतांना आपल्याच कचेरींत बसल्यासारखें झालें. फरक शेवटच्या प्रश्नांत आहे. आपल्याकडे वय विचारतात तें वारस अज्ञान असल्यास त्याचा पालक लिहिण्यासाठीं. तेथें वय विचारीत तें वारस अज्ञान असल्यास जमिनीचें उत्पन्न वरच्या धन्यानें घेण्यासाठीं. लढाऊ चाकरीच्या अटीवर धरलेल्या जमिनीचा वारस एकवीस वर्षांच्या आंतला मुलगा असला, तर तो सज्ञान होईपर्यंत ती जमीन धन्याकडे जाई, आणि त्या मुलाचें लग्न ठरविण्याचा हक्कही धन्याचा होई. हे दोन्ही हक्क विकतां येत. मुलगा मोठा झाला कीं त्याला वय शाबीत करावें लागे, तेव्हां शेजारी येऊन साक्ष देत. कोणी सांगे, त्याच वर्षीं माझा मुलगा जन्मला. कोणी सांगे, त्याच दिवशीं घोड्यावरून पडून माझा पाय मोडला. जन्माचें रजिस्टर नसलेल्या काळीं शेजाऱ्याचा मोडका पाय हाच दाखला.

ह्या पद्धतीचें एक ठळक उदाहरण स्टीफन स्क्रोप ह्याचें. बाप वारल्यावर त्याच्या आईनें १४०९ सालीं जॉन फास्टॉल्फ ह्या शिपाईगड्याशीं पुनर्विवाह केला. सावत्र बापानें ह्या मुलाच्या पालकत्वाचा व लग्नाचा हक्क गॅस्कॉइन नांवाच्या न्यायाधीशास पांचशें मार्कांस विकला. मार्क म्हणजे दोनतृतीयांश पौंड. तेव्हां ही रक्कम तीनशें तेहतीस पौंडांवर जाते. पुढें त्यानेंच तो परत विकत घेतला. आपला जनावरासारखा सौदा झाला, अशी तक्रार स्क्रोपनें पुढें लिहून ठेविली आहे. कॅसल कूम ही वडिलार्जित मिळकत त्याच्या हातीं आली ती सावत्र बाप १४५९ त मेल्यावर. तेव्हां स्क्रोप स्वतः म्हातारा झाला होता. मुंबई इलाख्यांत १९०५ च्या कायद्यानें जें 'कोर्ट ऑफ वॉर्ड्स' चालत असे, त्याचें नांव त्या देशांतील अशाच खात्यावरून आलेलें आहे. मात्र येथील कायद्याचा हेतु मिळकत सांभाळून परत देण्याचा होता, विकण्याचा नव्हता.

असा धोका डोक्यावर असल्यावर माणसें युक्ति काढणारच. ती त्यांनीं अशी काढली. मालकानें जिवंतपणींच आपली जमीन चार-सहा विश्वासू मित्रांच्या नांवें करून द्यावयाची. कागदावर मालक ते. उपभोग मात्र ह्याचा. मरतांना त्यानें त्यांस सांगावें कीं, अमुक मॅनर धाकट्याला द्या, तमुकाच्या उत्पन्नांतून मुलीचें लग्न करा, बाकी थोरल्याला. मित्रांपैकीं एक मेला तर उरलेले मालक राहत. सगळे एकदम मरत नाहींत. तेव्हां कायद्याच्या दृष्टीनें मालक मेलाच नाहीं, मग अज्ञान वारस कोठला आणि पालकत्व कसलें! ह्या व्यवस्थेस 'यूस' म्हणत. आजच्या ट्रस्टचें तें मूळ होय. तिच्यांतील कच्चा दुवा वाचकांच्या ध्यानांत आलाच असेल. मित्र फिरले तर? साध्या न्यायालयास कागदावरचा मालक तेवढा दिसे. म्हणून राजाच्या चॅन्सेलरकडे धांव घ्यावी लागे, आणि तो धर्मबुद्धीनें निकाल देई.

दुसरी युक्ति साखळीची. १२८५ च्या कायद्यान्वयें जमीन 'अमक्यास व त्याच्या औरस संततीस' अशी बांधून देतां येई. 'केवळ पुरुष संततीस' असेंही लिहीत, म्हणजे मुलींत वांटे पडूं नयेत. अशी जमीन विकतां येत नसे. पुढें वकिलांनीं ही साखळी तोडण्याचा लुटुपुटीचा दावा शोधून काढला. १४७२ च्या एका खटल्यापासून तो मार्ग प्रसिद्ध आहे. आपल्याकडे बंगाल्यांतील टागोर घराण्याच्या मृत्युपत्रांत अशीच साखळी घातली होती. हिंदु कायद्यांत असा वारसा नव्यानें निर्माण करतां येत नाहीं, असें प्रिव्ही कौन्सिलनें १८७२ त ठरविलें.

हें सर्व एका घरांत कसें घडलें तें नॉर्फोक परगण्यांतील पॅस्टन घराण्याच्या पत्रांवरून दिसतें. मूळ पुरुष क्लेमंट, मृत्यु १४१९. विरोधकांनीं लिहिलेल्या एका टिपणांत म्हटलें आहे कीं, तो स्वतः नांगर धरी, धान्याच्या गोणीवर बसून गिरणीवर जाई, आणि त्याची जमीन फार तर शंभर-एकशेंवीस एकर. टिपण हिणविण्यासाठीं लिहिलेलें आहे. आपल्या वाचकांस त्यांत हिणविण्यासारखें कांहीं दिसणार नाहीं. ह्या क्लेमंटनें कर्ज काढून मुलगा विल्यम ह्यास शिकविलें, मेहुण्यानेंही हात दिला, आणि तो मुलगा १४२९ सालीं राजाच्या न्यायालयांत न्यायाधीश झाला. त्यानें ग्रेशॅम वगैरे मॅनर खरेदी केले आणि ऑक्सनेड हें मॅनर बायको ॲग्नेस हिच्या निर्वाहास बांधून दिलें.

१४४४ च्या ऑगस्टांत विल्यम वारला. थोरला जॉन बावीस वर्षांचा, म्हणजे सज्ञान झालेला होता, म्हणून पालकत्वाचें संकट टळलें. पण भाऊबंदकीचें टळलें नाहीं. ॲग्नेसनें पुढें लिहून ठेविलें कीं, एकास इतकें देऊं नये कीं बाकीच्यांस जगण्यास कमी पडेल, अशी नवऱ्याची शेवटची इच्छा होती. धाकट्यांवर नांगर धरण्याची पाळी येऊं नये म्हणून त्यांस आणखी जमीन द्यावयाची होती. जॉननें तें मानलें नाहीं. न्यायाधीश झालेल्या माणसासही शेवटच्या घटकेस आपलें म्हणणें पक्क्या कागदावर आणतां आलें नाहीं, ह्याचें आम्हांस नवल वाटतें. आणि ज्याचा बाप नांगर धरून त्याला शिकवून गेला, त्यानेंच मुलांसाठीं नांगराची धास्ती घ्यावी, ह्याचें त्याहून अधिक.

खरेदीचे मॅनरही सुखानें लाभले नाहींत. १४४८ त मॉलिन्स नांवाच्या सरदारानें ग्रेशॅमवर हक्क सांगून तें बळकाविलें. जॉननें राजाकडे केलेल्या अर्जांत लिहिलें आहे कीं, १४५० च्या जानेवारींत हजार माणसें चालून आलीं, आंत त्याची बायको मार्गारेट व बारा माणसें होतीं. भिंत खणून तिला बाहेर काढलें. तें मॅनर पुढच्या वर्षीं परत मिळालें.

मग फास्टॉल्फचें प्रकरण. हाच तो स्क्रोपचा सावत्र बाप. फ्रान्सच्या लढायांत श्रीमंत झालेला, निपुत्रिक, केस्टर येथें विटांचा किल्ला बांधून राहिलेला. त्याच्या जमिनी अनेक विश्वस्तांच्या नांवें होत्या. १४५९ च्या नोव्हेंबरांत तो वारला. मरणापूर्वीं दोन दिवस त्यानें तोंडी इच्छा सांगितली, आणि एक धर्मसंस्था स्थापून चार हजार मार्क दिल्यास सर्व जमीन मला द्यावयाची ठरलें, असें जॉन पॅस्टन म्हणूं लागला. दुसरे विश्वस्त म्हणूं लागले, असें कांहीं झालेंच नाहीं. विश्वस्तांत दोन तट पडले. जॉन तीन वेळां तुरुंगांत गेला आणि १४६६ त लंडनमध्यें वारला. दुसऱ्या तटानें केस्टर ड्यूक ऑफ नॉर्फोक ह्यास विकून टाकिलें. १४६९ त ड्यूकनें किल्ल्यास वेढा घातला. आंत जॉनचा धाकटा मुलगा मूठभर माणसांनिशीं सुमारें पांच आठवडे टिकला व शेवटीं स्वाधीन झाला. १४७६ त तो ड्यूक वारला तेव्हां किल्ला पॅस्टनांकडे आला. धर्मसंस्थेचा पैसा मात्र तडजोडीनें ऑक्सफर्डच्या मॅग्डलेन कॉलेजाकडे गेला.

ह्या सर्व काळांत शेती पाहिली ती मार्गारेटनें. नवरा लंडनांत खटल्यांत, ही गांवीं कुळांचा खंड व माल्टाची विक्री यांत. नवरा वारल्यावर तिनें थोरल्या मुलास बजाविलें कीं, तुझ्या बापानें अडचणीच्या काळांत सर्व चीजवस्तूंपेक्षां आपले कागद व दस्तऐवज अधिक जपले, तूंही जप.

आतां त्या थोरल्याचें काय झालें तें पाहा. सर जॉन हा १४६६ त वारस झाला. पण आजी ॲग्नेसकडचीं गांवें तिच्या हयातीपर्यंत तिचीं, आणि ती विधवापणीं पस्तीस वर्षें जगली. आईच्या माहेरचीं गांवें आईचीं. विधवेस नवऱ्याच्या जमिनींतील तिसरा हिस्सा अथवा ठरवून दिलेलीं गांवें हयातीपर्यंत मिळत, ही फार न्याय्य चाल होती. थोरल्याच्या बाजूनें पाहिलें तर अर्धी मिळकत डोळ्यांपुढें आणि हातीं नाहीं. १४७९ च्या ऑगस्टांत आजी गेली. तिच्या गांवांवर चुलता विल्यम ह्यानें हक्क सांगितला. तो तंटा मिटण्याआधीं नोव्हेंबरांत सर जॉन अविवाहित वारला, आणि केस्टर लढविणारा धाकटा भाऊ वारस झाला.

मुलींची कथा निराळी. मार्जरी हिनें १४६९ त घरच्याच कारभाऱ्याशीं, रिचर्ड कॉल ह्याच्याशीं, गुपचूप लग्नाची शपथ घेतली. बिशपनें तिला बोलावून पुनः पुनः विचारलें. ती डगमगली नाहीं. आईनें घराचें दार बंद केलें, पण कारभारी कामावर राहिला, कारण जमिनींचे हिशेब त्याच्याइतके कोणास येत नव्हते. १४८२ च्या मृत्युपत्रांत मार्गारेटनें मार्जरीच्या थोरल्या मुलास वीस पौंड लिहून ठेविले. जमीन तिला देतां येणार नव्हती.

घराणें पुढें वाढलें. १६७९ त त्यास अर्ल ही पदवी मिळाली. १७३२ त दुसरा अर्ल पुरुष वारस मागें न ठेवतां कर्जांत वारला आणि मिळकत विकली गेली. मार्गारेटनें जपावयास सांगितलेले कागद १७८७ पासून छापून निघूं लागले. त्यांपैकीं बहुतेक आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररींत आहेत.