धाडच्या सर्वेक्षणाआधी

चि. भाचीस,


तुझी प्रश्नावली वाचली. धाड गावातल्या सोयाबीनचा हिशेब हा विषय चांगला आहे, पण 40 प्रश्नांच्या आधी तू विचारणार कोणाला, ते ठरव. स्टँडवर नि कृषी केंद्राच्या पायरीवर भेटतील त्यांना विचारलंस, तर तिथं बसायला ज्यांना सवड आहे तेवढेच कळतील.

म्हणून आधी यादी. तलाठ्याकडचा 8-अ सोपा वाटेल, पण त्यात खातेदार येतात. बटईनं किंवा ठोक्यानं दुसऱ्याचं वावर करणारा त्यात सापडत नाही, मजूर तर नाहीच. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 मध्ये घरं असतात, तुला तो बरा. समजा 600 घरं निघाली आणि 60 हवीत, तर 1 ते 10 मधली एक चिठ्ठी उचल आणि तिथून दर दहावं घर घे. मग ते बदलायचं नाही. कुलूप दिसलं की शेजारी विचारून मोकळं व्हावंसं वाटेल. पण दुपारी कुलूप असतं ते निंदायला, सोंगायला गेलेल्यांच्या घराला! तीच माणसं गळाली तर मजुरीबद्दल काय लिहिणार? संध्याकाळी पुन्हा जा.

हा हट्ट माझा एकट्याचा नाही. संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे आणि पानसे यांनी 1940 च्या दशकात हेच धरून ठेवलं: पिकाचा उतारा नजरेनं ठरवायचा नाही, वावर यादृच्छिक पद्धतीनं निवडायचं, त्यातला ठरावीक तुकडा कापून वजन करायचं. पीकविम्याचे कापणी प्रयोग त्याच वाटेचे.

‘उत्पादन समाधानकारक आहे का?’ हा प्रश्न काढून टाक. किती एकर पेरलं, किती पोती झाली, पोतं किती किलोचं, असं विचार. खर्च एकदम विचारलास तर गोल आकडा मिळेल. बियाणं, खत, फवारणी, सोंगणी, मळणी वेगवेगळी विचार. बायकांच्या मजुरीचा दर बाईलाच विचार, आणि घरातला पुरुष शेजारी नसताना.

वही उघडलीस की ‘कोणती योजना आली?’ असं विचारतील. काही मिळणार नाही, हे आधीच सांग. नाही तर नुकसानीचे आकडे फुगतील आणि पोती घटतील.

छापण्याआधी पाच-सहा घरी विचारून बघ. जिथं माणूस अडखळेल तो प्रश्न बदल. ती घरं मात्र 60 मध्ये धरू नकोस.

तुझा,
मामा